सोलापूरचा मार्शल लॉ आणि मिशिगनमधली बंदूक

दर वर्षी १५ नोव्हेंबरला मिशिगनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा सीझन सुरू होतो. आपल्या ऑफिसांतली बरीच मंडळी सुट्टी टाकून जंगलात जातात, आणि लंचच्या टेबलावर बंदुकीचा विषय निघतोच. "सामान्य माणसाकडे बंदूक असली की सरकार माजत नाही," असं सांगणारा एखादा सहकारी प्रत्येक टीममध्ये असतो. आपण भारतीय म्हटल्यावर तो पुढे हेही ऐकवतो, की तुमच्या गांधींनीसुद्धा हत्यारबंदीच्या कायद्याला नावं ठेवली होती.

त्याचं म्हणणं खोटं नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात आर्म्स अ‍ॅक्ट आला. हिंदी माणसाला हत्याराला परवाना लागू लागला, युरोपियनांना मात्र सूट. गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना या कायद्याविरुद्ध लिहिलं होतं. पण त्यांचं सांगणं होतं, की सैन्यात भरती व्हा, म्हणजे हा कायदा रद्द करून घेता येईल. हा संदर्भ अमेरिकन पोस्टरवर सहसा येत नाही.

पण सरकार खरंच माजलं तर काय होतं, हे पाहायला आपल्याला सोलापूरला जावं लागेल. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये आपल्यापैकी अनेक जण बसले असतील. त्या नावामागची ही गोष्ट.

मे १९३० च्या सुरुवातीला मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं सोलापूर पेटलं. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडणाऱ्या सत्याग्रहींना पकडल्यावरून जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या लोकांनी पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, दोन पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांची सत्ता जवळजवळ उरलीच नव्हती. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते.

१२ मे रोजी लष्कर आलं आणि मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे पन्नास दिवस चालला. गंमत बघा, लष्कराने हत्यारं शोधण्यापेक्षा टोप्या आणि झेंडे शोधले! हत्यारं तर १८७८ पासूनच गेली होती. गांधी टोपी घालणं, राष्ट्रीय झेंडा लावणं हा गुन्हा झाला आणि लष्करी कोर्टं त्यासाठी शिक्षा ठोठावू लागली. 'कर्मयोगी'चे संपादक राजवाडे तुरुंगात गेले. व्हाइसरॉय आयर्विनने त्याच महिन्यात वटहुकूम काढून या सगळ्याला कायद्याचं पांघरूण घातलं. कायदेमंडळाला विचारायची गरजच नव्हती.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचा खटला लष्करी कोर्टात नाही, साध्या सेशन्स कोर्टात चालला होता. म्हणजे कोर्ट उघडं असणं हेही पुरेसं नसतं. ज्या सरकारला लोक निवडत नाहीत आणि काढू शकत नाहीत, त्याच्या कोर्टात माणूस एकटाच उभा असतो.

आता लंचच्या टेबलावरचा प्रश्न: सोलापूरकरांकडे बंदुका असत्या तर? माझ्या मते प्रेतं जास्त पडली असती, मार्शल लॉ उठला नसता. बंदुकीला लष्कराकडे मोठी बंदूक असते. सोलापूरकरांकडे नव्हतं ते दुसरंच काहीतरी. "ही आणीबाणी खरी आहे का, आणि ती संपणार कधी?" हे सरकारला दरडावून विचारण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

अमेरिकेने हा प्रश्न वेळोवेळी विचारला, पण बहुतेकदा उशिरा. नागरी कोर्टं चालू असतील तिथे सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १८६६ मध्ये मिलिगन खटल्यात सांगितलं, तेव्हा यादवी युद्ध संपलेलं होतं. पर्ल हार्बरनंतर हवाईमध्ये १९४१ ते १९४४ मार्शल लॉ होता. तिथल्या लष्करी कोर्टांनी दिलेल्या शिक्षा चूक, हा निकाल आला १९४६ मध्ये. भारतात १९७६ साली आणीबाणीत सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने हात वर केले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. मग लोकांनी १९७७ मध्ये मतदानाने सरकार बदललं, आणि पुढच्याच वर्षी ४४ वी घटनादुरुस्ती झाली: आणीबाणीतही जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करता येणार नाही.

आणि आपल्या नोव्हायपासून तासाभरावरचं लान्सिंग. कोविडच्या काळात, ३० एप्रिल २०२० रोजी, गव्हर्नर व्हिटमर यांच्या आणीबाणीविरुद्ध काही लोक रायफली घेऊन थेट कॅपिटॉलमध्ये घुसले. टीव्हीवर ते आपण सर्वांनी पाहिलं. आणीबाणी काही त्या रायफलींनी उठली नाही. २ ऑक्टोबरला मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन मताने सांगितलं, की ज्या १९४५ च्या कायद्यावर गव्हर्नरांचे हुकूम उभे होते, तो कायदाच घटनेत बसत नाही. निकाल बरोबर की चूक यावर आपल्या मंडळातही दोन तट पडतील. पण तो अर्ज, युक्तिवाद आणि कागदावर आला.

बंदूक ठेवावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. इथली घटना तो हक्क देते. पण आपली मुलं शाळेत बिल ऑफ राइट्स शिकतात, तेव्हा त्यांना सोलापूरच्या टोप्यांचीही गोष्ट सांगावी असं मनापासून वाटतं. आणि आपल्यापैकी जे सिटिझन झाले आहेत, त्यांनी निवडणुकीत मतपत्रिकेच्या खालच्या भागातली जजेसची नावं रिकामी सोडू नयेत. मिशिगनमध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती आपणच निवडून देतो.