उपविजेत्याचें पदक : धातु आणि क्रमांक

स्पर्धेंत दुसऱ्या आलेल्यास रौप्यपदक द्यावयाचें, हा संकेत आज इतका रूढ आहे कीं, तो पुरातन असावा असा समज सहज होतो. साधनें पाहतां तो अर्वाचीन ठरतो.

प्राचीन ग्रीकांत याविषयीं एकच प्रघात नव्हता. इलियडच्या तेविसाव्या सर्गांत रथांच्या शर्यतीसाठीं पांच बक्षिसें मांडल्याचें वर्णन आहे. ऑलिंपिया येथें मात्र केवळ विजेत्यास ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे. दुसऱ्यास कांहींच नसे.

इ. स. १८९६ मध्यें अथेन्स येथें ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले. तेव्हां विजेत्यास रौप्यपदक व ऑलिव्हची डहाळी, तर उपविजेत्यास ब्राँझचें पदक व लॉरेलची डहाळी देण्यांत आली. तिसऱ्यास पदक नव्हतें. पदकाची आकृति शाप्लें या फ्रेंच शिल्पकाराची : एका बाजूस झ्यूसचें मुख व त्याच्या हातांतील गोलावर विजयदेवता, दुसऱ्या बाजूस अक्रोपोलिस. पहिल्या तिघांस अनुक्रमें सुवर्ण, रौप्य व ब्राँझ हा क्रम इ. स. १९०४ च्या सेंट लुईस येथील सामन्यांपासून आढळतो.

येथपर्यंत घोटाळा नाहीं. परंतु पुढें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें हाच क्रम मागील सामन्यांसही लावला. त्यामुळें इ. स. १८९६ च्या मॅरेथॉन शर्यतींत दुसरा आलेला वासिलाकोस आजच्या यादींत रौप्यपदकाचा मानकरी दिसतो. प्रत्यक्षांत त्या सामन्यांचें रौप्यपदक विजेत्या स्पिरिडॉन लुईसचें होतें.

संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. त्या वर्षाचें रौप्यपदक हातीं आल्यास तें उपविजेत्याचें मानणें म्हणजे विजेत्यास एक पायरी खालीं उतरविणें होय. बखरींत मागाहून घातलेली भर आपण मूळ मजकूर म्हणून स्वीकारीत नाहीं. तोच न्याय पदकांसही लागू करावा, असें आम्हांस वाटतें.

हा भेद केवळ धातूचा नव्हे. इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें सातारा जिल्ह्यांतील मल्ल खाशाबा जाधव तिसरे आले व ब्राँझपदक घेऊन परतले. अथेन्सचा नियम कायम असता, तर ते पदकावांचूनच परतले असते.