कानातल्या गाण्याची बखर

दिवाळीच्या खरेदीत सर्वांत अवघड खरेदी कोणती, असे कुणी मला विचारले, तर मी पैठणीचे किंवा सोन्याचे नाव घेणार नाही. त्या वस्तू पारखणारी माणसे घरोघर असतात. यंदा माझ्या वाट्याला आलेली खरेदी होती इयरफोनच्या एका जोडीची! पुतण्या दहावीला आहे. ह्या वर्षी हाती फोन नको, असे वहिनींनी बजावले होते. पण गाण्यावाचून पोर कोमेजेल, म्हणून दादाने त्याला गाणी साठविणारा एक चिमुकला म्युझिक प्लेअर आणून दिला. त्याच्याबरोबर कानात घालावयाचे काहीच आले नाही. तेव्हा स्वारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, चांगले इयरफोन कोणते घ्यायचे? तुम्हीच सांगा ना."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हटले, "आधी ही वस्तू कुठून कशी आली, ते ऐकून घे. मग दुकानात जाऊ." कडू काढा पुढे यावा तसे त्याने तोंड केले, पण गरज त्याला होती. त्याला सांगितली तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आम्ही रामटेकचे राहणारे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचा हा डोंगर, असे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. दुसऱ्या काही पंडितांनी तो छत्तीसगडातल्या रामगढला नेला. तो वाद पंडितांनी खुशाल चालवावा. मला त्या काव्यात कौतुक वाटते ते यक्षाच्या अडचणीचे. निरोप सांगायचा तो एकीलाच. ती राहते दूर अलकेत, आणि हाताशी दूत कोण, तर साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असा गर्जणारा मेघ! दूरच्या एकाच माणसाच्या कानी आपले बोलणे कसे पोहोचवावे, हा प्रश्न इतका जुना आहे. त्याचे उत्तर तारेने दिले, आणि ते फार अलीकडचे.

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेच्या उपकरणांचे मोठे प्रदर्शन भरले. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअराने तेथील ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक ओळीने बसविले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनात आणून सोडल्या. प्रेक्षक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून उभे राहत. डाव्या कानाची तार रंगमंचाच्या एका अंगाची, उजव्याची दुसऱ्या अंगाची. त्यामुळे गायक चालू लागला, की त्याचा आवाजही एका बाजूकडून दुसरीकडे सरकल्यासारखा वाटे. ज्याला आज आपण स्टिरिओ म्हणतो, त्याचा हा पहिला चमत्कार. आजच्या इयरफोनवर डाव्याउजव्याची खूण असते, तिच्या मागे ही हकीकत आहे. पुतण्याला मी म्हटले, "पहिला धडा हा, की दोन्ही कानांचा आवाज सारखा हवा. गाणाऱ्याचा गळा बरोबर कपाळाच्या मध्यावर ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला कलला, तर जोडी खाली ठेवायची."

पुढची पायरी अमेरिकेतल्या युटा प्रांतातली. नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोक्याला अडकविण्याचे रिसीव्हर तयार केले आणि १९१० च्या सुमारास ते अमेरिकन नौदलाकडे पाठविले. नौदलाला बिनतारी संदेश ऐकायचे असत. ते इतके क्षीण येत, की ऐकणाऱ्याचे सारे कसब पणाला लागे. बाल्डविनच्या रिसीव्हरात लोखंडाची एक नाजूक पट्टी चुंबकांच्या मध्ये तोलून धरलेली होती आणि तिची थरथर अभ्रकाच्या पडद्याला पोहोचे. एवढ्याशा विजेने तो पडदा बोलू लागे. नौदलाने माल पसंत केला, आणि आजच्या हेडफोनची वंशावळ सुरू झाली.

आपल्याकडे हे यंत्र रेडिओबरोबर रुजले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. केंद्र अवघे दीड किलोवॉटचे. स्फटिकाच्या साध्या संचावर ते सुमारे ३० मैलांच्या आत ऐकू येई. आमचे रामटेक शेकडो मैल दूर. ह्या स्फटिकसंचाची मौज अशी, की त्याला बॅटरी लागत नसे. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा आणि त्यावर टेकविलेली बारीक तार, एवढ्यावर काम भागे. ह्याच गॅलिनाच्या ग्राहकाचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांना १९०४ साली अमेरिकेत मिळाले होते. पण बॅटरी नाही, म्हणजे जोरही नाही. हेडफोन कानाला लावल्यावाचून काही ऐकू यायचे नाही. मग घरातल्या बाकीच्यांनी काय करावे? त्या काळी विलायतेतल्या घरांतून लोक हेडफोन चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवीत आणि भोवती डोकी जमवून बसत. वाडगा घुमे, आणि एकाचे गाणे चौघांचे होई.

त्या हेडफोनच्या डब्यांत केसासारख्या बारीक तारेची हजारो वेटोळी असत आणि त्यांचा विरोध २,००० ओहमांच्या घरात जाई. आजच्या खिशातल्या प्लेअरची गोष्ट निराळी. त्याची बॅटरी लहान, विजेचा दाब कमी. त्याला १६ ते ३२ ओहमांची जोडी मानवते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले २५० वा ६०० ओहमांचे भारी हेडफोन त्याला जोडले, तर आवाज मरतुकडा येतो. दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. तो १०० डेसिबलच्या आसपास असला, की थोड्या विजेत पुरेसा आवाज मिळतो. बाल्डविनचे गुपित तेच होते. खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्झ असा आणखी एक आकडा दिमाखाने छापलेला असतो. तो बऱ्या-वाईट सगळ्यांच्याच खोक्यांवर असतो, म्हणून त्यावर भुलू नये.

नंतरचा काळ कर्ण्याचा, म्हणजे लाउडस्पीकरचा. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, आणि विदर्भाचा आवाज विदर्भातूनच ऐकू येऊ लागला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर, दर आठवड्याला प्रसारित केले. एकूण गाणी ५६. ती ऐकायला माणसे रेडिओभोवती जमत. ज्यांच्या घरी रेडिओ नसे, ते शेजाऱ्याच्या ओसरीवर बसत. त्या दिवसांत गाणे ही वाटून घ्यायची वस्तू होती, आणि हेडफोन उरला होता तो टेलिफोनच्या कचेरीत आणि लष्करात.

त्याला पुन्हा घरात आणले ते जॉन कॉस ह्या अमेरिकन जॅझ वादकाने. १९५८ साली त्याने हातात नेता येईल असा ग्रामोफोन बनविला. गाणे एकट्याला ऐकता यावे म्हणून त्याच्यासोबत स्टिरिओ हेडफोन ठेवले. ग्रामोफोन बाजूला राहिला आणि लोकांनी हेडफोन उचलले! त्या डब्या कानाभोवती गच्च बसत. बाहेरचे आत नाही, आतले बाहेर नाही. उलट १९६८ साली जर्मनीतल्या झेनहायझर कंपनीने पाठीमागून मोकळे असलेले हेडफोन काढले. त्यांत स्पंजाच्या गादीतून बाहेरचा आवाज आत येई. गाणे मात्र खोलीत पसरल्यासारखे प्रशस्त वाटे. बंद आणि मोकळे ही दोन घराणी तेव्हापासून चालत आलेली आहेत. शांत खोलीत मोकळ्या घराण्याला तोड नाही. गोंगाटात मात्र ते दगा देते. तो दगा मी स्वतः खाल्लेला आहे.

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन विक्रीस आला. आधीचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे. ह्याचे ५० ग्रॅमच्याही आत. एकट्यानेच ऐकत बसणे हे उद्धटपणाचे दिसेल, अशी कंपनीचे अकिओ मोरिता यांना धास्ती होती. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला दोघांसाठी दोन भोके होती आणि एक नारिंगी कळ होती. ती दाबली, की गाणे हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. पुढच्या काळात ती कळ गेली आणि दुसरे भोकही गेले.

माझ्या हाती तसलाच एक कॅसेटचा डबा १९८६ साली आला. वॉकमनची कसलीशी नक्कल होती. कॉलेजसाठी मी रोज एस.टी.ने नागपूरला जाई. मनसर, कन्हान, कामठी करीत ५० किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. कानावर स्पंजाचे मोकळे हेडफोन, आणि बसायची जागा बहुधा इंजिनापाशी. इंजिनाची घरघर स्पंजातून सरळ आत येई. ती बुडवायला मी आवाज वाढवी. आणखी वाढवी. चार वर्षे हा क्रम चालला. गाडीतून उतरल्यावर कानात बराच वेळ शिट्टी वाजत राही. मला त्यात काही वावगे वाटले नाही. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी कानाचा आलेख काढला. ४,००० हर्ट्झपाशी रेषा विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने दुखावलेल्या कानाची ती ठरलेली खूण. आतल्या शंखात प्रत्येक कानामागे सुमारे १५,००० केसाळ पेशी असतात. त्यांतली एक मेली, की तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आता उपलब्ध आहे. आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करीत जायचे. ९० डेसिबलला उरतात फक्त ४ तास. मी तेवढे दोन दिवसांत संपवीत असणार!

गोंगाटातल्या ऐकण्यावर खरा तोडगा निघाला तो १९९१ साली. मीड किलियन ह्या श्रवणशास्त्रज्ञाच्या एटिमॉटिक कंपनीने कानाच्या भोकात नीट बसणारे इयरफोन काढले. त्यांच्या पोटात बाल्डविनसारखीच तोललेली पट्टी होती, श्रवणयंत्रांतून आलेली. रबरी टोपीने भोक बंद झाले, की बाहेरचा गलका निम्म्याहून कमी भासतो आणि मग आवाज वाढवायची गरजच उरत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या टोपीच्या इयरफोनांचा हा मूळपुरुष. म्हणून इयरफोनची टोपी ही मला त्याच्या आतल्या यंत्राइतकीच मोलाची वाटते. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या असाव्यात, आणि त्या चढवून बघाव्यात. टोपी सैल बसली, तर तबल्याचा बायाँ नाहीसा होतो. मग दोष यंत्राला देतात आणि आवाज वाढवितात.

पुतण्याला घेऊन मी सीताबर्डीला गेलो. दुकानदार पुढे केलेल्या प्रत्येक जोडीचा 'बास' वाखाणीत होता. मी प्लेअरवर आमच्या घरात शेकडो वेळा वाजलेले एकच गाणे ठेवले. ओळखीच्या गाण्यावर परीक्षा सोपी होते. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का? बायाँचा घुमारा गळ्याला झाकीत तर नाही ना? गाणारा श्वास घेतो, तो कळतो का? आणि हे सारे हळू आवाजात व्हायला हवे. मोठ्या आवाजात कुठलीही जोडी घटकाभर भारदस्त वाटते. बिनतारी जोडीचा मोह त्याला झाला. पण त्याच्या स्वस्त प्लेअरात ब्लूटूथ नव्हते, आणि रोज आणखी एक वस्तू चार्ज करण्याचा व्याप दहावीच्या वर्षी नको होता. शेवटी तारेची, टोपीची, पिनेपाशी वायर मजबूत असलेली एक जोडी आम्ही घेतली. ती दुकानातली सर्वांत महाग नव्हती. रस्त्यावरून चालताना ती कानात घालायची नाही, आणि आवाजाची पट्टी साठ टक्क्यांपुढे न्यायची नाही, अशा दोन अटी मी घातल्या. वहिनींनी त्यांत अभ्यासाची तिसरी मिळविली.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे गडावर गेलो. दिवेलागण झाली होती. खाली गावात पणत्या दिसू लागल्या. स्वारी अर्थातच नवी जोडी कानात घालून बसली होती. दगडी कठड्याशी मी त्याला म्हटले, "जरा काढ. काय ऐकू येते, सांग."

त्याने इयरफोन काढले आणि क्षणभर कान दिला.

"रातकिडे आहेत काका. केवढे! सगळा डोंगर वाजतोय. तुम्हाला नाही येत ऐकू?"

रातकिड्यांचा सूर बहुधा चार-पाच हजार हर्ट्झांचा असतो. माझ्या आलेखातल्या नेमक्या त्या विहिरीतला. मला ऐकू येत होती देवळातली घंटा आणि दूरची एक मोटार.

"नाही," मी म्हटले. "कसे वाजताहेत ते सांग."

तो सांगू लागला. एक थांबला, की पलीकडचा सुरू होतो. मध्येच सगळे एकदम थांबतात. पुन्हा एकजण धीर करतो. मी ऐकत राहिलो. उतरताना त्याने इयरफोन गुंडाळून खिशात ठेवले होते, आणि पायथ्यापर्यंत ते बाहेर काढले नाहीत.