फाज प्रकार ८०/८१ : रुग्णालयीन स्टॅफिलोकॉकसच्या मागोव्याचा इतिहास

प्रस्तावना :

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पुवाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले आणि द्राक्षांच्या घडासारख्या पुंजक्यांत दिसणाऱ्या जिवाणूंना १८८२ मध्ये 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. यांपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात कोणताही अपाय न करता वास करतो. त्यामुळे रुग्णालयात साथ उद्भवली की तो रुग्णाने बाहेरून आणला की परिचारिकेकडून आला, हे ठरविणे कठीण असते. प्रस्तुत निबंधात १९५० च्या दशकातील एका साथीच्या आधारे हा मागोवा घेण्याच्या साधनांचा विचार केला आहे.

पेनिसिलिननंतरची रुग्णालये :

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या नमुन्यांत पेनिसिलिनला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते. १९४८ मध्ये ते ५९ टक्क्यांवर गेले. येथे एकेक जिवाणू नव्याने प्रतिकारक्षम होत होता, की एखादे प्रतिकारक्षम वाणच खाटेवरून खाटेवर पसरत होते? हे ओळखण्याचे साधन फाज-वर्गीकरणाने दिले. फाज म्हणजे जिवाणूंचा नाश करणारे विषाणू. निरनिराळ्या फाजांचे थेंब जिवाणूंच्या थरावर टाकावयाचे आणि कोणत्या थेंबाखाली जिवाणू विरघळले ते नोंदवावयाचे, अशी ही पद्धत होती. विल्सन व ॲटकिन्सन यांनी १९४५ मध्ये तिला व्यवस्थित रूप दिले.

सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातील फिलिस राउंट्री यांच्याकडे १९५० च्या दशकाच्या आरंभी नवजात बालकांच्या कक्षांतून आलेले नमुने मात्र प्रचलित फाजांनी ओळखता येईनात. त्यासाठी नवा फाज तयार करावा लागला. त्याला ८० हा क्रमांक मिळाला. कॅनडातील तशाच साथींवरून ८१ क्रमांकाचा फाज आला. दोन्ही क्रमांक प्रत्यक्षात एकाच वाणाकडे निर्देश करतात, हे पुढे स्पष्ट झाले. बालकांच्या अंगावर पुवाचे फोड येत, आणि माता घरी परतल्यावर त्यांच्या स्तनात गळू होई. धडधाकट परिचारिकाही यातून सुटल्या नाहीत.

हा शेवटचा तपशील विशेष महत्त्वाचा मानला पाहिजे. पेनिसिलिनला न जुमानणे एवढाच या वाणाचा गुण असता, तर निरोगी तरुण स्त्रियांना एवढा उपद्रव का व्हावा? त्याची मारकता तत्कालीन वैद्यांच्या लक्षात आली होती, परंतु फाज-वर्गीकरण केवळ 'तेच की दुसरे' एवढेच सांगू शके. 'इतके उग्र का' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. वस्तुतः पांढऱ्या रक्तपेशींचा नाश करणाऱ्या ल्युकोसिडीन या विषाचे वर्णन पॅन्टन व व्हॅलेन्टाइन यांनी १९३२ मध्येच केले होते. पण विषाचे ज्ञान एका दालनात आणि साथीच्या नोंदी दुसऱ्या दालनात राहिल्या.

मेथिसिलिन वापरात आल्यानंतर १९६० च्या दशकात ८०/८१ मागे पडले. दरम्यान १९६१ मध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही न जुमानणाऱ्या जिवाणूंची नोंद केली आणि संशोधकांचे लक्ष प्रतिकारक्षमतेकडे वळले, ते दीर्घकाळ तेथेच राहिले.

जनुकांची साक्ष :

जुने नमुने जपून ठेवलेले असल्यामुळेच हा प्रश्न पुन्हा विचारता आला. रॉबिन्सन, एनराइट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये दाखविले की, ८०/८१ च्या नमुन्यांत पॅन्टन-व्हॅलेन्टाइन ल्युकोसिडीनची जनुके होती आणि रुग्णालयाबाहेर पसरणारे, मेथिसिलिनला दाद न देणारे नैर्ऋत्य पॅसिफिक वाण त्याच कुळातले होते. या विषाचा साथीतील नेमका वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत; एकाच जनुकावर सारे खापर फोडणे घाईचे ठरेल.

२०११ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून ही वंशावळ अधिक बारकाईने मांडली गेली. त्याच विस्तृत कुळातील आधुनिक रुग्णालयीन वाणांत आल्फा विषाच्या जनुकात आणि विषनिर्मितीचे नियमन करणाऱ्या जनुकात बदल झालेले आढळले. उंदरांवरील प्रयोगांत ही वाणे ८०/८१ पेक्षा कमी मारक ठरली. तरीही दुर्बल रुग्णांनी भरलेल्या कक्षांत टिकून राहण्यास त्यांना तेवढी मारकता पुरेशी होती.