प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पण गणपतीच्या आधी वाचा, कारण येत्या आठवड्यात घरोघरी माळ्यावरचे एक्स्टेंशन बोर्ड खाली उतरणार आहेत.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. त्यात एक वाक्य इतक्या वेळा लिहिलंय की आता बोटं आपोआप टाइप करतात. 'आग शॉर्टसर्किटमुळे लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे.' दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका वस्तीवर घर जळालं. माणसं रानात होती म्हणून वाचली. धान्य, कपडे, लेकीच्या दाखल्यांची पिशवी, सगळं गेलं. पंचनामा चालला होता, मी फोटो काढत होतो. घरमालक जवळ आले. म्हणाले, "साहेब, पेपरात शॉर्टसर्किट लिवणार ना? मग मला एवढंच सांगा, शॉर्टसर्किट म्हंजी नेमकं काय झालं?"

मला सांगता आलं नाही. बातमी तशीच गेली.

भिंतीवर एक सॉकेट होतं आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा वितळलेला काळा गोळा. एका भोकाची चार भोकं करणारा मल्टिप्लग. आग त्यातूनच लागली असं मी म्हणणार नाही, कारण ते कुणी तपासलंच नाही. पण तो गोळा डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून वाचतोय, आणि बोर्डातून रिटायर झालेल्या एका वायरमन काकांचं डोकं खातोय. ही पोस्ट म्हणजे त्या माणसाच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात जरा मागून करावी लागेल.

आपल्याकडे वीज आधी आली ती दिव्यासाठी. १८८२ मध्ये मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पण घरातली वीज म्हणजे बल्ब. भिंतीत प्लगसाठी भोकं असावीत ही कल्पना नंतरची. इस्त्री, पंखा वगैरे आले तेव्हा लोक बल्ब काढून त्याच होल्डरला वायर जोडायचे. १९०४ मध्ये अमेरिकेत हार्वी हबेल नावाच्या माणसाने यावर पेटंट घेतलं. एक तुकडा बल्बच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा आणि त्यात पिनांचा दुसरा तुकडा हवा तेव्हा घालायचा, काढायचा. म्हणजे हा प्लग दिव्याच्या जागेवर दुसरं काहीतरी चालवायला जन्माला आला. आपल्या मल्टिप्लगचा आजोबाच म्हणा.

आमच्या वयाच्यांना आठवत असेल. होल्डरमध्ये बसणारा अडॅप्टर, खाली बल्ब आणि बाजूला दोन पिनांची भोकं. आमच्या घरी त्यावर रेडिओ चालायचा. दिवाळीत इस्त्रीही चालायची आणि इस्त्री लावली की बल्ब पिवळा पडायचा. आम्हाला ती गंमत वाटायची. खरं तर ती तार सांगत होती की हे ओझं माझं नाही.

आता आपल्या भिंतीवरची गोल भोकं. ती इंग्रजांची. १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये बीएस ५४६ नावाचं मानक निघालं. त्यात तीन गोल पिनांचे प्लग, २, ५, १५ आणि ३० अँपिअरचे. जेवढा करंट जास्त तेवढी पिन जाड. यात एक साधं शहाणपण आहे. १५ अँपिअरचा जाड प्लग ५ अँपिअरच्या भोकात जातच नाही. न वाचता येणाऱ्या माणसालाही भोक स्वतःच सांगतं की हे इथलं नाही. वरची पिन, म्हणजे अर्थिंगची, मुद्दाम लांब ठेवली. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. आपलं आयएस १२९३ हे मानक याच वंशातलं. ५ चे ६ अँपिअर झाले, १५ चे १६, पण आपण अजूनही 'पाच-पंधरा'च म्हणतो.

गंमत पुढे आहे. महायुद्ध चालू असताना १९४२ मध्ये इंग्रजांनी युद्धानंतर बांधायच्या घरांच्या वायरिंगसाठी समिती नेमली. वीस जणांत एकच बाई, कॅरोलिन हॅस्लेट. घरातली वीज बायका वापरतात आणि रांगणारी पोरं भोकात बोटं घालतात, हे त्यांनी समितीपुढे लावून धरलं. १९४७ मध्ये त्यांचा नवा चौकोनी पिनांचा प्लग आला. भोकांना आतून झडप, जी अर्थिंगची लांब पिन आत गेल्यावरच उघडते. आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज.

म्हणजे ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी त्यांनी घरातल्या गोल पिना सोडायला सुरुवात केली. आपण त्या ठेवल्या. ठेवल्या यात वाईट काही नाही. फक्त फरक लक्षात घ्या. त्यांच्या प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज, आपल्या प्लगमध्ये नाही. आपला सगळा भरवसा भोकाच्या आकारावर आणि मीटरजवळच्या फ्यूजवर.

आणि त्या दोन्हींची आपण वाट लावली. भोकाचा आकार आपण पंधराचं पाच करणाऱ्या कन्व्हर्टरने मोडला, वीस-पंचवीस रुपयांत. फ्यूज उडायला लागला की त्यात जाड तार टाकली. कुणी टाकली विचारू नका, आमच्या घरी मीच टाकलीय.

यात सगळा दोष लोकांचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये झालं आणि पुढच्या दशकांत खेड्यापाड्यात खांब पोचले. १९८८-८९ मध्ये केंद्राची कुटीर ज्योती योजना आली, दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्याची जोडणी. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, सौभाग्य योजना आली. त्यात घराला एक एलईडी दिवा आणि एक मोबाइल चार्जिंग पॉइंट. तीस वर्षांत सरकारच्या हिशेबाने गरिबाच्या घरात एक भोक वाढलं. त्या तीस वर्षांत घरात काय काय आलं ते मोजा. टीव्ही, मिक्सर, फ्रीज, कूलर, पाण्याचा रॉड, शेगडी आणि माणशी एक फोन. वस्तू आल्या, वायर तीच राहिली. मग माणूस काय करणार? मल्टिप्लग आणणार.

भारनियमनाच्या काळात त्यात भर पडली. लाईट आली की व्होल्टेज उसळायचं, टीव्ही जायचे. तेव्हा बाजारात 'स्पाइक गार्ड' आला. शेवटी यूएसबी. हे १९९६ मध्ये आलं ते कॉम्प्युटरला कीबोर्ड, प्रिंटर जोडायला, आणि ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट होते, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. ५ व्होल्ट आणि सुरुवातीला फार तर अडीच वॅट. त्यावर फोन चार्ज होतो हे कळलं आणि आज ते भोक थेट भिंतीवरच्या मल्टिप्लगमध्ये बसलंय. म्हणजे शेजारीशेजारी एक भोक २३० व्होल्टचं, एक ५ व्होल्टचं, मध्ये एक छोटं सर्किट. ते सर्किट नीट बनवलेलं नसेल तर २३० आणि ५ मधली भिंत पातळ असते. आणि आपण चार्जिंगला लावलेला फोन उशाशी घेऊन झोपतो.

आता त्या घरमालकाच्या प्रश्नाकडे येतो. वायरमन काकांनी सांगितलं ते असं.

शॉर्टसर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटणं. तसं झालं की फ्यूज किंवा एमसीबी धडाडून उडतो. पण अनेकदा ती शेवटची पायरी असते. त्याआधी दोनपैकी एक गोष्ट बरेच दिवस चाललेली असते. एक, तारेवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त ओझं. दुसरी, सैल जोड. पिन भोकात ढिली बसली की त्या एवढ्याशा जागी उष्णता साठते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. प्लास्टिक मऊ होतं, पिवळं पडतं, काळं पडतं. सैल जोड एमसीबीला कळत नाही, कारण करंट नेहमीएवढाच असतो. आणि घराच्या वायरसाठी बसवलेला १६ अँपिअरचा एमसीबी तुमच्या एक्स्टेंशनची बारीक वायर वाचवत नाही. त्या वायरची लायकी सहा-सात अँपिअरची, तिच्यातून बारा गेले तरी एमसीबी शांत बसतो.

हिशेब पोरंही करतील. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. ६ अँपिअरच्या बोर्डावर चार भोकं असली तरी हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, प्रत्येकाचा नाही. चार फोन, टीव्ही, राउटर लावा, काही बिघडत नाही. पण पाण्याचा रॉड एकटाच १५०० वॅटचा. इंडक्शन शेगडी २००० ची. एकट्याने मर्यादा ओलांडली.

दुकानात गेल्यावर मी आता काय बघतो ते सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका, खुणा सांगतो.

१. सॉकेटसाठी आयएसआय खूण, सोबत आयएस १२९३ आणि सीएम/एल ने सुरू होणारा नंबर. यूएसबी असेल तर चार्जरसाठी वेगळी नोंदणी, आर- ने सुरू होणारा नंबर. बीआयएस केअर ॲपवर दोन्ही नंबर टाकून बघता येतात. दुकानातच उभं राहून बघा.

२. ओव्हरलोड झाला की उडणारं बटण, किंवा आत फ्यूज. इंग्रजांच्या प्लगमधला फ्यूज करतो ते काम हे करतं. हे नसेल तर ठेवून द्या.

३. खरोखरची तिसरी वायर. तीन भोकं असून आत अर्थिंगची वायरच नसलेले बोर्ड बाजारात आहेत. आणि घरालाच अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डही अर्धाच. त्यातला उसळी गिळणारा भाग कायमचा नसतो, झटके खाऊन तो झिजतो.

४. जगातल्या सगळ्या पिना बसणारं 'युनिव्हर्सल' भोक टाळा. सगळ्यांना बसणारं भोक कुणालाच घट्ट बसत नाही. भोकामागे झडप असेल तर उत्तम, घरात पोरं असतील तर हवीच.

५. यूएसबीवर लिहिलेले वॅट बहुतेक वेळा सगळ्या भोकांचे मिळून असतात. तीन फोन लावले की वाटणी होते. फोन हळू चार्ज होतो म्हणून बोर्ड खराब नसतो.

६. सॉकेटला थेट लटकणारा ठोकळा घ्यायचा तर हलका घ्या. वर चार जड चार्जर लटकले की पिना खाली ओढल्या जातात आणि सैल जोड तिथूनच सुरू होतो. वायरवाला बोर्ड बरा, पण वायर पूर्ण उलगडून. गुंडाळी करून ठेवली की ती तापते. आणि बोर्डात बोर्ड लावायचा नाही. मंडळातल्या पोरांनो, हे खास तुमच्यासाठी.

एवढं सगळं शिकलो आणि मोठ्या ऐटीत आईकडे गेलो. पहाटे तिच्या मोरीजवळ पाहतो तर काय, सहाच्या मल्टिप्लगला पंधराचा कन्व्हर्टर, त्याला रॉड, शेजारच्या यूएसबीत तिचा फोन. मल्टिप्लगची मागची बाजू चहासारखी तपकिरी झालेली. तो मल्टिप्लग मीच आणून दिला होता. मी ओरडलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मग भिंतीत एक पॉइंट वाढवून दे की. तीन वर्षं झाली सांगतेय. तू बोर्ड आणून देतोस, वायरमन काही आणत नाहीस."

एवढा इतिहास वाचून मला जे कळलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. हबेलच्या तुकड्यापासून आजच्या यूएसबीवाल्या ठोकळ्यापर्यंत आपण प्रत्येक नव्या वस्तूला जोड वाढवला, वायर वाढवली नाही. फोनसाठी, दिव्यांच्या माळेसाठी चांगला मल्टिप्लग जरूर घ्या. पण रॉड, गीझर, शेगडी, फ्रीज, इस्त्री यांना भिंतीतला स्वतःचा पॉइंट लागतो, जाड वायरचा, अर्थिंगसकट. त्याला दुकानात पर्याय नाही. त्याच आठवड्यात आईकडे वायरमन नेला.

आज रात्री एक काम करा. तासभर चालू असलेला बोर्ड बटण बंद करून, प्लग काढून, कोरड्या हाताने चाचपा. गरम लागला, रंग बदललेला दिसला, जळका वास आला तर तो उद्या वापरायचा नाही. भावाला, मेव्हण्याला देऊन टाकायचाही नाही.

आणि घरकुलं बांधणाऱ्यांना, योजना आखणाऱ्यांना एक मागणं. एका दिव्याचा हिशेब आता पुरे. मोरीजवळ एक आणि चुलीजवळ एक पॉवर पॉइंट अर्थिंगसह धरा. पंचनामा लिहिणाऱ्यांनाही विनंती, कोणत्या सॉकेटला काय लावलं होतं एवढी एक ओळ लिहा.

माझ्यापुरतं सांगतो. 'प्राथमिक अंदाज' लिहिण्याआधी आता मी तो काळा गोळा कुठे होता, हे विचारणार आहे. तुमच्या घरात असा वितळलेला मल्टिप्लग निघाला तर फोटो खाली टाका. कंपनीचं नाव झाका, पण त्याला काय लावलं होतं ते लिहा.