सहा आण्यांचे पैसे किती?

बीडजवळचे पाली हे बिंदुसरेच्या खोऱ्यातले गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथील शेतकऱ्याच्या हाती हाली रुपया असे, तर पलीकडे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात कलदार चाले. सात हालींचे सहा कलदार, असा सरकारी भाव होता. ऐकावयास हा भाव सोपा. परंतु एकाच हालीचे काय येते ते पाहू गेल्यास तेरा आणे आठ पै, आणि वर एका पैचे चार सप्तमांश! पैपेक्षा लहान नाणेच नव्हते. सात रुपये एकदम बदलणाऱ्याचा हिशेब चोख सुटे; एकेक बदलणाऱ्याचा कधीच सुटत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, नवे पैसे सुरू झाले. सोळा आण्यांचे शंभर पैसे; म्हणजे आण्याचे सव्वासहा. हा पाव पैसा कोणी द्यावयाचा? १९५५ च्या कायद्यात त्याचा नियम होता: एका व्यवहारात जी नाणी दिली जातील त्यांचे जवळच्या पूर्ण पैशात रूपांतर करावे, आणि बरोबर अर्धा पैसा उरला तर खालचा आकडा धरावा. तीन आण्यांचे पावणेएकोणीस, म्हणून १९ पैसे. सहा आण्यांचे साडेसदतीस, म्हणून ३७. परंतु तेच सहा आणे तीन-तीन करून दोनदा दिले तर ३८! यात दुकानदाराची लबाडी मुळीच नव्हती. (तो अर्धा पैसा मात्र नेहमी नाणी देणाऱ्याच्याच खिशातून जाई, हे आम्हांस फारसे न्याय्य वाटत नाही.)

आज संगणकाच्या गणितात जे कोडे पडते ते हेच. ०.१, ०.२ आणि ०.३ यांतील पहिल्या दोहोंची बेरीज आधी केली तर पुष्कळशी यंत्रे उत्तर ०.६००००००००००००००१ असे देतात. शेवटच्या दोहोंची आधी केली तर बरोबर ०.६. यंत्र सारा हिशेब शून्य आणि एक या दोनच अंकांत करते, आणि अंक ठेवण्याची त्याची जागा ठरलेली असते. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा त्याच्या पद्धतीत एक दशांश संपत नाही. तो कोठेतरी तोडावाच लागतो. याउलट अधेली, पावली, दोन आणे, आणा ही नाणी म्हणजे रुपयाचे निम्म्याचे निम्मे. ती यंत्रात तंतोतंत बसतात! सोय म्हणून आपण आणा सोडला, आणि पुढे आपला हिशेब ज्यांच्या हाती गेला त्या यंत्रांना आणाच चोख कळतो, ही मोठी गंमत होय.

फार मोठ्या व फार लहान संख्या तेवढ्याच जागेत मावाव्यात म्हणून बिंदू मागेपुढे सरकवितात. यासच फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. जर्मनीत कोनराड झूसे याने १९४१ च्या आपल्या यंत्रात ही युक्ती योजिली. पुढे मात्र प्रत्येक कारखानदाराने आपापला नियम केला. आयबीएमची १९६४ ची यंत्रे सोळाच्या पटीत मोजीत, इतर कित्येक दोनच्या. कोणी उरलेला तुकडा छाटून टाकी, कोणी जवळच्या अंकास नेई. एकच सूत्र दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. विल्यम काहान प्रभृतींच्या खटपटीने १९८५ साली सर्वांसाठी एक प्रमाण ठरले. त्यात बरोबर मध्यावरचा आकडा सामान्यतः सम अंकाकडे न्यावा असे आहे, म्हणजे तोटा नेहमी एकाच बाजूस साचत नाही.

तुकडा साचला म्हणजे काय होते ते २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे दिसले. अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्रयंत्राचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजी, आणि तो दशांश २४ द्विमान अंकांत तोडलेला होता. यंत्र सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्यावर चूक ०.३४ सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात शत्रूचे अस्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. त्याला अडविता आले नाही, आणि २८ सैनिक मरण पावले.

प्रमाण ठरूनही भेद सर्वस्वी मिटले नाहीत. काही यंत्रे मधल्या पायऱ्या ८० अंकांत ठेवीत, काही ६४ मध्येच. काही गुणाकार व बेरीज करून एकदाच तोडतात, काही दोनदा. हजारो भागांत वाटलेली बेरीज ज्या क्रमाने जुळेल तसे तिचे शेवटचे अंक बदलतात. २००८ च्या सुधारणेत दशांश पद्धतीचीही सोय झाली. तथापि पैशाच्या हिशेबात शहाणे कार्यक्रमकार रुपये अपूर्णांकात ठेवीतच नाहीत. सारी रक्कम पूर्ण पैशांत मांडतात, आणि व्याजाचा तुकडा कोठे तोडावयाचा ते आधी लिहून ठेवितात.