हिंगणघाट ते ॲडम्सटाउन: फोनमधल्या नकाशाची गोष्ट



ॲडम्सटाउनला नवीन राहायला आलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यात हमखास विचारतं, ‘फोनवर रस्ता दाखवायला कोणतं ॲप चांगलं?’ उत्तर एका नावात देता येईल, पण ते फार दिवस पुरणार नाही. म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगते आणि मग फोन कसा लावून घ्यायचा ते. या इतिहासात आपला विदर्भ आहे आणि आयर्लंडही आहे.

रस्ता दाखवणाऱ्या ॲपला दोन प्रश्न सोडवावे लागतात. एक, मी आत्ता कुठे आहे? दोन, मला जिथे जायचंय त्या जागेचं नाव काय आणि ती कुठे आहे? पहिल्याचं उत्तर आकाशातून येतं. दुसऱ्याचं उत्तर माणसांनी जमिनीवर फिरून लिहून ठेवावं लागतं. ॲप निवडताना हा फरक लक्षात ठेवला की निम्मं काम झालं.

पहिल्या प्रश्नासाठी माणसानं काय काय केलं, ते बघा. 1802 साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारताची मोजणी उत्तरेकडे सरकवली. वीस वर्षं हे काम करता करता जानेवारी 1823 मध्ये ते वाटेत वारले. कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. त्यांचंच नाव पुढे शिखराला दिलं गेलं.

अडचण साखळीची होती. पोलादी साखळीनं रेषा मोजायची, आणि ऊन वाढलं की साखळी लांबायची. पायाची रेषा जराशी चुकली तर पुढचे सगळे त्रिकोण चुकणार. आजारपणामुळे एव्हरेस्ट 1825 मध्ये विलायतेला परतले, आणि त्यांना यावरचा उपाय सापडला तो आयर्लंडमध्ये.

इथे 1824 मध्ये जमिनीवरचा कर ठरवण्यासाठी देशभर मोजणी सुरू झाली होती. तिचे प्रमुख थॉमस कोल्बी यांनी लोखंडाची आणि पितळेची पट्टी शेजारी शेजारी जोडून एक मोजपट्टी तयार करवली. दोन्ही धातू उष्णतेनं कमीजास्त लांबतात, पण त्यांची जोडणी अशी केली होती की टोकांवरच्या खुणांमधलं अंतर तेवढंच राहायचं. उत्तरेला लॉख फॉइलच्या काठी 1827-28 मध्ये याच पट्ट्यांनी पायाची रेषा मोजली. एव्हरेस्ट 1829 मध्ये ते काम पाहायला आयर्लंडला आले आणि तशाच पट्ट्या घेऊन भारतात परतले. 1831-32 च्या हिवाळ्यात कलकत्त्याजवळची रेषा त्यांनी मोजली गेली. मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरची जुनी रेषाही 1841 मध्ये पुन्हा मोजून तपासली. म्हणजे आपल्या मुलखाच्या नकाशांना आयर्लंडमधलं हे तंत्र लागलेलं आहे.

आता आकाशाकडे वळू. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेनं 1978 मध्ये सोडला. हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ सांगत फिरतात. निरोप पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो, आणि चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा ठरवतो. तत्त्व लॅम्ब्टनच्या कामाला जवळचंच आहे: माहीत असलेल्या जागांवरून माहीत नसलेली जागा काढायची.

ही यंत्रणा लष्करासाठी होती. 1983 मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत विमानांनी पाडलं, त्यानंतर ती नागरिकांसाठी खुली करण्याची घोषणा झाली. तरीही सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे 2000 च्या सुरुवातीला ही भेसळ बंद केली गेली, आणि गाडीत रस्ता सांगणारं यंत्र खऱ्या अर्थानं उपयोगी झालं. युरोपची गॅलिलिओ यंत्रणा डिसेंबर 2016 पासून सेवा देते आहे. आपल्या इस्रोची नाविक यंत्रणा मात्र भारत आणि भोवतालच्या प्रदेशासाठीच आहे.

यातून एक कामाची गोष्ट निघते. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. त्यामुळे जागा कळायला सिम लागत नाही, डेटा लागत नाही, पैसेही लागत नाहीत. डेटा लागतो तो नकाशा उतरवायला आणि पुढची रहदारी कळायला. म्हणून ‘मी कुठे आहे’ या प्रश्नात सगळी ॲप जवळपास सारखीच. फरक पडतो तो दुसऱ्या प्रश्नात.

कोल्बींच्या माणसांनी आयर्लंडचा मैलाला सहा इंच या मापाचा नकाशा 1846 पर्यंत पुरा केला. त्यांचं मुख्य कार्यालय आपल्यापासून जवळच, फिनिक्स पार्कमध्ये होतं. त्यांनी 60,000 हून अधिक ‘टाउनलँड’ नोंदवली. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारखा, नाव असलेला जमिनीचा तुकडा. ॲडम्सटाउन हेही अशाच एका टाउनलँडचं नाव. आयरिश नावं इंग्रजी कानानं ऐकून लिहिली गेली, जशी आपल्या पुण्याची ‘पूना’ आणि खडकीची ‘किर्की’ झाली. म्हणूनच इथली काही नावं ऐकून टाइप केली तर सापडत नाहीत.

खेड्यापाड्यांत घराला क्रमांकच नसायचा. एकाच टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं, आणि कोण कुठे राहतं ते पोस्टमनला तोंडपाठ. साऱ्या देशासाठी पत्ता-संकेत आला तो थेट जुलै 2015 मध्ये: एअरकोड. एकूण सात अक्षरं-अंक. पहिली तीन विभागाची, ल्युकन परिसरासाठी के78. पुढची चार फक्त तुमच्या घराची. शेजारच्या घराचा कोड तुमच्यासारखा नसतो, त्यामुळे अंदाजानं पुढचा क्रमांक लावता येत नाही. आपल्या पिनकोडमध्ये अख्खा परिसर येतो, एअरकोडमध्ये एकच दार.

ॲडम्सटाउनला हे जास्त लागू पडतं, कारण हे गाव आपल्या डोळ्यांदेखत उभं राहतंय. 2001 मध्ये जागा ठरली, 2003 मध्ये आराखडा मंजूर झाला, 2007 मध्ये रेल्वे स्थानक सुरू झालं. मग मंदीनं बांधकाम थांबलं आणि काही वर्षांनी पुन्हा धरलं. अशा ठिकाणी माणसं आधी राहायला येतात आणि गल्लीचं नाव नकाशावर मागून येतं.

आता निवडीचं बोलू. गूगल मॅप्समध्ये एअरकोड टाकला की चालतो. बस, रेल्वे आणि पायवाटाही त्यात आहेत. वेझ गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. रहदारी छान सांगतं, पण त्याला डेटा लागतो आणि पायी किंवा बसनं जाणाऱ्याच्या ते कामाचं नाही. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप वापरतात. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक काढतात. नकाशा आधी उतरवून ठेवला की ही ॲप डेटाशिवाय पूर्ण चालतात, आणि बागेतली पायवाटही अनेकदा त्यात असते. पण एअरकोडची यादी परवाना घेऊन वापरावी लागते, त्यामुळे त्यांत बहुतेक कोड सापडत नाहीत. म्हणून घरी दोन ॲप ठेवा: एक एअरकोड ओळखणारं, एक डेटाशिवाय चालणारं.

लावून घेताना पाच गोष्टी करा. पहिली, फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘अचूक स्थान’ची परवानगी द्या, पण ‘ॲप वापरताना’ एवढीच. दुसरी, घरच्या वायफायवर आयर्लंडचा नकाशा उतरवा आणि अधूनमधून ताजा करा. तिसरी, अंतर किलोमीटरमध्ये ठेवा. 2005 पासून इथल्या वेगाच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये मैलांत. चौथी, टोल टाळायचा की नाही ते ठरवा. ॲडम्सटाउनहून एम50 नं विमानतळाकडे जाताना सातव्या आणि सहाव्या जंक्शनच्या मध्ये टोल आहे. तिथे फाटक नाही, कोणी थांबवत नाही. पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे, नाहीतर दंड वाढत जातो. पाचवी, फोन स्टँडवर लावा आणि पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वीच टाका. गाडी चालवताना फोन हातात धरणं इथे गुन्हा आहे.

मग परीक्षा घ्या. आपलाच एअरकोड टाका आणि खूण कुठे पडते ते पाहा. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक घराला वेगळा कोड असतो, पण खूण बहुधा इमारतीवरच पडते. आत शिरायचं दार मागच्या बाजूला असू शकतं. गल्ली चुकीची दिसली तर ॲपमधूनच दुरुस्ती सुचवता येते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर खातं उघडून ती स्वतःच करता येते.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. गावाकडून आई-बाबा येतात, दुपारी नातवंडाला बाबागाडीत घालून फिरायला निघतात, आणि इथल्या सारख्या दिसणाऱ्या घरांत गोंधळतात. त्यांच्या फोनमध्ये ‘घर’ म्हणून खूण जतन करून द्या आणि एकदा पायी फिरून दाखवा. एअरकोड मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, एक चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. 112 किंवा 999 ला फोन करायची वेळ आली तर रुग्णवाहिकेला दार सापडण्यासाठी ती सात अक्षरं फार मोलाची आहेत. इंग्रजी अडखळत असलं तरी चालेल, ती सावकाश वाचता आली पाहिजेत.

तेव्हा या रविवारी चहा झाला की घरातले सगळे फोन टेबलावर मांडा आणि आजीपासून सुरुवात करा. पुन्हा भेटूच. नमस्कार!