वृद्धांचे पडणे आणि फिजिओथेरपी

म्हातारपणी माणूस पडायचाच, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही घट्ट रुजलेली होती. पडलेल्या वृद्धाला खाटेवर झोपवून ठेवणे म्हणजेच त्याची शुश्रूषा, असे मानले जाई. ही समजूत मोडायला सुमारे सहा दशके लागली.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या वर्कहाउसमधील, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातील, शेकडो जुनाट रुग्णांची जबाबदारी आली. त्यांतले पुष्कळ वृद्ध वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते. सांधे आखडलेले, पाठीला जखमा झालेल्या. वॉरन यांनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली आणि ज्यांना शक्य होते त्यांना उठवून उभे केले, चालायला लावले. अनेक जण घरी परतले. वृद्धांची दुर्बलता पुष्कळदा वयामुळे नव्हे, तर सक्तीच्या विश्रांतीमुळे आलेली असते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

मात्र वृद्ध का पडतात, याचा पद्धतशीर शोध त्यानंतर सुरू झाला. वुल्वरहॅम्प्टनचे डॉ. जे. एच. शेल्डन यांनी १९६० मध्ये ५०० पडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडखळणे, अचानक पाय गळून जाणे, भोवळ, मान मागे टाकून वर पाहणे अशी कारणे त्यांनी वेगवेगळी मांडली. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असे समजून पुढे पाऊल टाकणारे कितीतरी जण त्यांना आढळले. पडण्याला कारणे असतात, हे ठरल्यावर ती दूर करण्याचा विचार शक्य झाला.

पुढची गरज मोजमापाची होती. १९८६ मध्ये डॉ. बर्नार्ड आयझॅक्स आणि सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी सुचवली. वृद्धाने खुर्चीतून उठायचे, थोडे चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १९९१ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी तिला तीन मीटरचे अंतर आणि घड्याळ जोडले. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत हीच चाचणी सर्रास वापरली जाते.

अमेरिकेत डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ मध्ये दाखवले की, ७५ वर्षांवरील घरी राहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक वर्षभरात एकदा तरी पडतात. धोक्याचे एकही कारण नसेल तर पडण्याची शक्यता ८ टक्के, चार किंवा अधिक कारणे असतील तर ७८ टक्के. झोपेची औषधे, पायांची कमजोरी, चाल आणि तोल यांतील बिघाड ही त्यांतली काही कारणे. १९९० मध्ये बोस्टनला सरासरी नव्वद वर्षांच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेण्यात आला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. म्हाताऱ्या स्नायूंना बळ येत नाही, हा समज तिथे संपला.

या साऱ्याचे व्यवहारात रूपांतर न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठात झाले. डॉ. जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांच्या गटाने ८० वर्षांवरील २३३ स्त्रियांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा जाई, प्रत्येकीला झेपतील असे व्यायाम शिकवी आणि हळूहळू ते अवघड करत नेई. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून गुडघा सरळ करणे, चवड्यांवर आणि टाचांवर उभे राहणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालणे, मागे मागे चालणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय फिरणे. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा, तर दुसऱ्या गटात १५२ वेळा कोणी ना कोणी पडले. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच संख्येचे होते. पुढे अशा चार प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. प्रशिक्षण मिळालेल्या परिचारिकाही हा कार्यक्रम राबवू शकतात, हेही सिद्ध झाले.

२०१९ मध्ये जगभरातील प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असा निष्कर्ष निघाला. सर्वांत भक्कम पुरावा तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा आहे. कमावलेली ताकद मात्र सराव सुटला की ओसरते. त्यामुळे घरातल्या वृद्धाला पडण्याच्या भीतीने बसवून ठेवण्यापेक्षा, जाणकाराच्या देखरेखीखाली रोज उभे करणे आणि चालते ठेवणे हीच त्याची खरी काळजी आहे.